आधी खोली द्या, मग उपदेश

अलीकडे महाविद्यालयांतून एक नवे व्रत सुरू झाले आहे. सत्र सुरू झाले की कुणीतरी पाहुणा बोलवायचा, शाल-श्रीफळ द्यायचे, दीपप्रज्वलन करायचे आणि दीड तास मुलांना ऐकवायचे, की मन खंबीर ठेवा, सकारात्मक विचार करा, पहाटे उठा, अपयशाला घाबरू नका. विषय ठरलेला, 'विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य'. पाच-सहाशे मुले सभागृहात असतात, त्यांतली निम्मी हजेरीच्या धाकाने आलेली. आभार होतात, फोटो होतो, वार्षिक अहवालात एक ओळ वाढते. मुले बाहेर पडतात तेव्हा ज्याची शिष्यवृत्ती अडकली होती त्याची ती अडकलेलीच असते, जिला घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितली होती तिला ती सोडायचीच असते. फरक एवढाच पडतो, की आता आपले मन खंबीर नाही हाही एक दोष त्यांच्या पदरात पडलेला असतो.

या व्रताविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती या अंकाच्या वाचकांपुढे मांडायचे कारण आहे. सीमेवरच्या जिल्ह्यांतली आपली मुले शिकायला राज्याची हद्द ओलांडतात. नंदुरबार-नवापूरकडची पोरे सुरत-बडोद्याला येतात. नवापूरचे रेल्वे स्टेशन तर निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. बाकावरून उठून चार पावले टाकली की राज्य बदलते. मुलगा गाडीत बसतो तेव्हा आपल्याला वाटते, जवळच तर आहे. अंतर जवळ असते, परिस्थिती जवळ नसते.

मी बडोद्याचा. कागदोपत्री गावाचे नाव वडोदरा झाले तरी आम्हा मराठी माणसांच्या तोंडी अजून बडोदेच आहे. दर जून-जुलैत खोली शोधणारी मुले कुणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे येतात. त्यांच्याबरोबर मी बऱ्याच जिन्यांची चढउतार केली आहे. म्हणून जे लिहितो ते पुस्तकातले कमी आणि जिन्यातले जास्त आहे.

*

पहिला समाचार 'आमच्या वेळी' या मंत्राचा घ्यायला हवा. 'आमच्या वेळी कुठे होते हे डिप्रेशन? आम्ही कंदिलाखाली शिकलो, अनवाणी शाळेत गेलो, कधी मन बिघडले नाही. आजची पोरे नाजूक.' हे वाक्य घराघरांत आहे, आणि ते ज्या अभिमानाने बोलले जाते त्याची मला गंमत वाटते.

आमच्या वेळी काय होते ते नीट आठवू या. पुण्यात गरिबांची मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यात मिंधेपणा होता, जातीची मर्यादा तर होतीच होती. पण सात घरांना ठाऊक असे की अमुक मुलगा आज जेवायला आला नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे जैन, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करीत गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंगतीत बसवले. पुण्यात १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती निघाली ती खेड्यातल्या मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय करायलाच.

म्हणजे 'आमच्या वेळी' मुले तरली ती पोलादी मनावर तरली नाहीत. कुणाच्या तरी ताटावर, कुणाच्या तरी पडवीत, कुणाच्या तरी बोर्डिंगात तरली. महाराष्ट्राने शिक्षणात जे मिळवले त्याच्या मुळाशी स्वयंपाकघर आहे. ही गोष्ट आपण विसरलो आणि उपदेश तेवढा लक्षात ठेवला. आणि जी तरली नाहीत त्यांचे काय? अर्धवट शिक्षण सोडून गावी परतलेली, 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणून माडीवर ठेवलेली, विहिरीपाशी सापडलेली मुले प्रत्येक गावात होती. त्यांची गणती कुणी केली नाही, एवढ्यावरून ती नव्हती असे ठरत नाही.

*

परिस्थिती माणसाच्या मनाचे काय करते याचा आपल्याजवळचा सर्वांत मोठा दाखला या बडोद्यातच आहे. तो इतका ठळक आहे की त्याचे स्मारक झाले, आणि स्मारक झाल्यावर आपण त्याचा अर्थ विचारायचे सोडले.

सयाजीराव गायकवाडांचे बडोदे म्हणजे शिक्षणाचे बडोदे. १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारे हे संस्थान. अस्पृश्यांच्या मुलांसाठी इथे शाळा निघाल्या होत्या. याच महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या बावीस वर्षांच्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. अट एकच, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. तरुण गेला, एम.ए. झाला, पीएच.डी.चा प्रबंध लिहिला, लंडनला अर्थशास्त्र आणि कायदा या दोन्हींचे शिक्षण सुरू केले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्याला परतावे लागले. १९१७ च्या सप्टेंबरात करार पाळायला तो बडोद्यास आला.

आणि या शहरात त्याला खोली मिळाली नाही.

पुढचे त्यांनी स्वतःच आपल्या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवले आहे. हिंदू खाणावळीत घेणार नाहीत हे ठाऊक, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी. रखवालदाराशी ठरवून पारशी नावाने वहीत नोंद केली आणि वरच्या मजल्यावर राहिले. तिथे दुसरे कुणीही नव्हते. मोठ्या दालनात अडगळ भरलेली, विजेचा दिवा नाही, एक कंदील. दिवसभर महालेखापालांच्या कचेरीत काम करायचे आणि रात्री त्या अंधारात येऊन बसायचे. कुणीतरी बोलायला माणूस हवा असे त्यांना होई. भाचा सामान घेऊन आला, तो मामाची ही दशा पाहून मोठ्याने रडू लागला; त्याला लगेच परत धाडावे लागले. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोड, नाहीतर बघून घेऊ.

त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र हळहळला, संतापलासुद्धा. पण म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येते आहे, तिला विचारावे लागेल. मुंबईची गाडी रात्री नऊला. तोपर्यंतचा वेळ ते कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून राहिले. सुन्न मनाने बसले. आईवडिलांची आठवण आली असे त्यांनी लिहिले आहे. आई लहानपणीच गेलेली, वडील १९१३ च्या फेब्रुवारीत. सव्वीस वर्षांचा, दोन खंडांत शिकून आलेला तो विद्वान ज्यांना हाक मारीत होता त्यांपैकी कुणीही जिवंत नव्हते.

आता मी 'खंबीर मन'वाल्यांना विचारतो: हे मन दुबळे होते काय? पुढे ज्याने एका देशाची घटना लिहिली, ते मन? मग ते त्या बागेत का कोसळले? कारण मन पोलादाचे असले तरी त्याला रात्री टेकायला भिंत लागते. खोटे नाव सांगून राहणे, अंधार, एकटेपण, उद्या हाकलतील ही भीती, आणि चांगली म्हणवणारी माणसे ऐनवेळी अंग चोरतात हा अनुभव. या पाच गोष्टी एकत्र आल्या की कुणाचेही मन खचते. त्यांतली एकही गोष्ट मनातली नव्हती. पाचही बाहेरच्या होत्या, आणि पाचही कुणीतरी हात हलवला असता तर टळण्यासारख्या होत्या.

दुसरेही लक्षात घ्या. संस्थानने त्या तरुणावर चार वर्षे खर्च केला. हजारो मैलांवर फी भरली, बोटीचे भाडे दिले. अडले ते छपरापाशी. एका खोलीपायी बडोद्याने आपला सर्वांत मोठा विद्यार्थी गमावला. त्यांचे लंडनचे अर्धवट शिक्षण पुढे १९२० साली पुन्हा सुरू झाले तेव्हा मदतीला शाहू महाराज होते, ज्यांना शिष्यवृत्ती आणि बोर्डिंग या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या. आणि बाबासाहेबांनी स्वतः १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले तेव्हा नागसेनवनात वर्गाबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. बागेत बसलेल्या माणसाला कळले होते, की मुलाला प्रवेश दिला म्हणजे शिक्षण दिले असे होत नाही.

सयाजीबागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दर २३ सप्टेंबरला तिथे माणसे लोटतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठ तिथून चालत जाण्याइतके जवळ आहे. मला प्रश्न पडतो तो एवढाच: त्या चालत जाण्याच्या अंतरात आज काय बदलले?

*

बदलले बरेच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. काठ्या घेऊन कुणी येत नाही. राखीव जागा आहेत, वसतिगृहे आहेत, कायदा आहे. पण जिन्यातली बोलणी मी ऐकली आहेत. 'खोली आहे ना?' 'आहे की. मुलगा कुठला?' 'नंदुरबारकडचा.' 'आडनाव काय?' आडनाव सांगितले की दोन गोष्टी घडतात. एक तर खोली आहे असते, किंवा 'आमच्या भाच्याने आधीच सांगून ठेवले आहे' असते. मराठी घर, मराठी मुलगा, परके गाव. तरी भाषा मध्ये येऊन उभी राहत नाही, आडनाव मात्र आडवे येते. एका मुलाने मला विचारले, 'काका, आडनाव न सांगता नुसते गाव सांगितले तर चालेल का?' १९१७ सालच्या त्या वहीतल्या खोट्या नावापासून हा प्रश्न किती लांब आहे, ते वाचकांनीच मोजावे.

हे एकट्या बडोद्याचे दुखणे नाही. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातला रोहित वेमुला पीएच.डी. करीत होता. त्याला आणि त्याच्या चार सोबत्यांना वसतिगृहातून काढण्यात आले. अनेक महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. ती मुले आवारात उघड्यावर झोपत होती. १७ जानेवारी २०१६ ला रोहितने जीव दिला. आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी मुंबईला नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला ती गेली. वरिष्ठांकडून जातीवरून छळ होत होता अशी तिच्या आईची तक्रार आहे. प्रकरण न्यायालयात गेले. या दोन्ही वेळी चर्चा कुठे वळली? ती मुले संवेदनशील होती, त्यांनी बोलायला हवे होते, टोकाचे पाऊल का उचलले. बोलायचे कुणाशी? छप्पर काढून घेतलेल्या मुलाला आपण विचारतो, तू पावसात भिजलास कसा!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, १,७६४. शाहूंचा, फुल्यांचा, कर्मवीरांचा महाराष्ट्र. इतकी मुले एकाच वेळी मनाने नाजूक निघाली, असे ज्याला वाटत असेल त्याने खुशाल वाटून घ्यावे.

*

जात हे एक कारण झाले. दुसरे आहे पैसा, आणि त्यातही पैशाची वेळ. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण फी आधी भरायची आणि रक्कम मागून येणार. मधल्या महिन्यांत मुलगा खाणावळीचे दोन्ही वेळचे जेवण एका वेळेवर आणतो. घरी सांगत नाही, कारण घरी बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकलेला असतो. दोन महिने असे अर्धपोटी काढल्यावर त्याचे लक्ष लागत नाही, झोप येत नाही, चिडचिड होते. मग आपण त्याला ध्यानाच्या शिबिराला पाठवतो. उपाशी पोराला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगायचे, ही कसली विद्या? आणि राज्याची हद्द ओलांडली की आणखी एक गाठ पडते. महाराष्ट्राच्या योजना महाराष्ट्राच्या नियमांनी बांधलेल्या, गुजरातच्या गुजरातच्या नियमांनी. रहिवासाच्या दाखल्यासाठी नवापूर ते बडोदे खेपा घालताना मुलाचा जो जीव जातो, त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

तिसरे कारण भाषा. आमच्या विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी. घरी मराठी, नाक्यावर गुजराती, वर्गात इंग्रजी. सीमेवरच्या घरांत वाढलेली मुले दोन भाषा लीलया बोलतात याचे आपल्याला कौतुक, आणि ते रास्तच आहे. पण भाजी घेण्याची भाषा वेगळी आणि मन मोकळे करण्याची भाषा वेगळी. डांगच्या किंवा अक्कलकुव्याच्या मुलाची घरची बोली तर या तिन्हींहून निराळी. त्याला घुसमट होते तेव्हा तो ती सांगणार कोणत्या भाषेत? समुपदेशक समोर बसला आणि 'व्हॉट आर यू फीलिंग' म्हणाला, तर पोरगा 'फाइन' म्हणून उठतो. कारण त्याला त्या भाषेत तेवढेच येते.

चौथी गोष्ट मुलींची. त्यांच्या वसतिगृहाचे दार लवकर लागते, ग्रंथालय उशिरापर्यंत उघडे असले तरी त्यांना काय उपयोग? शहरातच राहणाऱ्या मुलीची तऱ्हा आणखी वेगळी. तिला खोली शोधावी लागत नाही, पण घरात तिची अशी खोलीच नसते. आजीचे औषध, धाकट्याचा अभ्यास, आला-गेला, आणि त्यात दर रविवारी पाहायला येणारे. परीक्षेच्या आदल्या दिवशी कांदेपोहे करून तिसऱ्या वर्षाला पहिला वर्ग मिळवणारी मुलगी मनाने दुबळी, आणि सभागृहात दीड तास बोलणारा तो पाहुणा खंबीर!

*

इथे कुणी म्हणेल, सगळे परिस्थितीवर ढकलता, मग आजार म्हणून काही नाहीच का? आहे. निश्चित आहे. आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश चोविशीच्या आतच डोके वर काढतात, म्हणजे नेमके शिकण्याच्या वयात. सुखवस्तू घरातल्या मुलालाही नैराश्य येते, भास होतात. त्याला डॉक्टर हवा, औषध हवे, आणि ते मधुमेहाच्या गोळीइतक्याच सहजपणे मिळायला हवे. त्याबद्दल लाज बाळगणारी घरे मुलाचे नुकसान करतात. पण औषध घेणाऱ्यालाही पोटभर जेवण आणि निवांत झोप लागतेच ना? परिस्थिती सुधारल्याने सगळे आजार जाणार नाहीत. परिस्थिती तशीच ठेवून मात्र कुठलाच आजार नीट बरा होणार नाही. हे दोन्ही एका वेळी मान्य करता येते.

कायद्याला हे आपल्या आधी समजले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र तणावाखाली होता असे धरून चालायला सांगितले. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले, आणि जुलैमध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असा निर्देश दिला. चांगले झाले. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते आणि मराठी-गुजरातीसह वीस भाषांत बोलते. हा क्रमांक वाचकांनी घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. मुलाच्या फोनमध्येही घालून द्यावा, 'तुला गरज पडेल' असे न म्हणता, 'मित्राला लागेल तर' असे म्हणून.

पण समुपदेशक नेमला की विद्यापीठाचे हात धुतले, असे होता कामा नये. मुलगा त्याच्यापुढे बसून म्हणेल, 'सर, शिष्यवृत्ती आली नाही.' त्यावर त्या बिचाऱ्याने काय करावे? त्याच्या हातात शिक्का नाही, खोलीची किल्ली नाही. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. शिष्यवृत्ती अडकली म्हणून कुणाचीही परीक्षा, निकाल वा वसतिगृह अडकवू नका. प्रवेशाच्या यादीबरोबरच राहण्याची यादी लावा. शिस्तीची कारवाई करायची असेल तर करा, पण राहत्या छपरावर करू नका. आणि दिवाळीच्या सुटीत मेस बंद करताना, गाडीभाड्याला पैसे नसल्याने किती मुले मागे राहिली ते एकदा मोजा.

आणि आपण? आपण सरकार नाही, विद्यापीठ नाही. पण जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे असतो ते आपणच. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या जुन्या मराठी घरांत मुले अमेरिका-कॅनडाला गेल्याने खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. सीमेवरच्या प्रत्येक मोठ्या गावात अशी घरे आहेत. त्या दारात उभ्या राहिलेल्या पोराला आडनाव विचारू नका. विचारायचेच असेल तर विचारा, 'जेवलास का?' आठवड्यातला एक वार एका मुलाला द्या. पूर्वीचा मिंधेपणा आणि पूर्वीची जात दोन्ही वजा करून द्या. मग तो मुलगा एखाद्या गुरुवारी आला नाही, तर निदान एका घराला ते कळेल.

१९१७ साली बडोद्यात भली माणसे नव्हती असे नाही. ते दोन्ही मित्र भले होते. महाराज तर फारच भले होते. सगळे हळहळले, आणि रात्री नऊची गाडी सुटली. भलेपणाचा हिशेब हळहळीवर होत नसतो, दार उघडले की नाही यावर होतो.